कालवडी वेळेत गाभण राहणं आणि कत्तलीची कोकरं निवडणं: वजनकाटा कुठे फसवतो?

पाणंद
मांसाच्या जातीच्या गाई आणि मेंढ्या एकाच शेतावर असल्या की वजनकाट्यावरचा विश्वासही दोन्हीकडे सारखाच आंधळा असतो. कालवड 14-15 महिन्यांची झाली, काट्यानं 380 किलो दाखवलं, सोडली वळूत, आणि निम्म्या उलटल्या, म्हणजे गर्भ न राहता पुन्हा माजावर आल्या. कोकरू 42 किलो भरलं, चढवलं गाडीत, आणि सोलल्यावर एकावर चरबीचं जाड अस्तर तर दुसऱ्याची कंबर रिकामी. म्हणून धागा दोन्हींचा मिळून काढतोय.

कालवडींबद्दल: कोणत्या वजनाला लावायच्या, आधी काय तपासायचं, एकदम माजावर कशा आणायच्या, रेतनानंतर गर्भ का टिकत नाही. कोकरांबद्दल: नेमकी कोणती उचलायची आणि कोणती मागे ठेवायची. दुभत्या गाईंचा विषय इथे नको, तिथला हिशेब वेगळा असतो.

रवंथ
380 हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो तुमच्याच कळपातल्या पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाशी ताडून बघावा लागतो. लावताना कालवड त्या वजनाच्या 60 ते 65 टक्के हवी, आणि विण्याच्या तोंडावर साधारण 85 टक्के. गाय 600 किलोची असेल तर 65 टक्के म्हणजे 390, आणि विताना 510. गाय 700 किलोची असेल तर 390 ची कालवड जेमतेम 56 टक्क्यांवर आहे. ती दिसायला ठणठणीत असते, पण बऱ्याचदा माजच सुरू झालेला नसतो.

पूर्ण वाढीचं वजन जातीच्या तक्त्यातून उचलू नका. पाच वर्षांपुढच्या, मध्यम अंगाच्या गाई वासरं दुधावरून तोडायच्या वेळी काट्यावर घ्या आणि सरासरी काढा. पहिलारू आणि दुसऱ्या वेताच्या गाई त्यात आल्या की सरासरी खाली येते आणि कालवडींचं लक्ष्यही नकळत खाली घसरतं.

मग दिवसांचा भागाकार. आठ महिन्यांना तोडलेली कालवड 240 किलोची आहे आणि साडेचौदा महिन्यांना 390 हवी. मध्ये 195 दिवस आणि 150 किलो, म्हणजे रोज 770 ग्रॅम. नुसत्या वाळल्या चाऱ्यावर हे होत नाही. दर चार-सहा आठवड्यांनी वजन घ्या. लावायच्या महिनाभर आधी कळलं की 40 किलो कमी आहेत, तर तेव्हा खुराक ओतून काही साधत नाही.

उलट टोकही वाईटच. अंगावर आलेल्या कालवडीच्या कासेत चरबी साठते, पुढे दूध कमी होतं आणि विताना ती अडते. अंगावरचं मांस-चरबी मोजायच्या 1 ते 9 च्या मोजपट्टीवर 5 ते 6 पुरे.

चौथा खोडा
65 टक्के म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. अँगस, हिअरफर्डसारख्या लवकर वयात येणाऱ्या जातींत 55 ते 57 टक्क्यांवर, कमी खुराकात वाढवलेल्या कालवडीही बऱ्या भरतात. लिमुझीन, शारोलेला वेळ लागतो, आणि वशिंडाच्या ब्राह्मनसारख्या जातींना त्याहून जास्त. खर्च वाचवायला टक्केवारी खाली आणायची तर आधी माज सुरू झालाय याची खात्री पाहिजे, इतकंच.

रवंथ
मान्य. फक्त कमी वजनाला भरलेली कालवड पुढे विण्यापर्यंत चढत्या खाण्यावर ठेवावी लागते. पुष्कळ जण पोट राहिलं की हात आखडता घेतात आणि मग पहिल्या वितीनंतर ती महिनोन्‌महिने माजावर येत नाही.

नाडीपरीक्षा
दोघांच्याही वादाचा निकाल गर्भाशयाच्या तपासणीत लागतो. लावायच्या चार ते सहा आठवडे आधी कालवडी खोड्यात घेऊन गुदमार्गे हातानं किंवा सोनोग्राफीनं जननमार्ग तपासून घ्या. गुण 1 ते 5 असतात. 1 म्हणजे बाळगर्भाशय: शिंगं 20 मिलिमीटरपेक्षा बारीक, हाताला ढिली, बीजांडकोषावर काही नाही. 3 म्हणजे उंबरठ्यावर आलेली. 4 म्हणजे शिंगं 30 मिलिमीटरच्या आसपास, ताठर, 10 मिलिमीटरच्या वरचं पुटक (बीज ज्यात वाढतं तो फोड). 5 म्हणजे पीतपिंड (बीज सुटल्यावर बीजांडकोषावर तयार होणारी गाठ) सापडला, कालवड माजचक्रात आहे. गुण 1 वाल्या तिथेच बाजूला काढा. 2 आणि 3 वाल्यांना चार-सहा आठवडे आहेत, खाणं वाढवलं तर यातल्या बऱ्याच वेळेवर येतात. पहिल्या माजापेक्षा तिसऱ्या माजाला गर्भ राहण्याचं प्रमाण चांगलं असतं, म्हणून लावायच्या दिवशी पहिल्यांदा माजावर येणं ही उशिराची गोष्ट आहे.

त्याच फेरीत कटिमापकानं कमरेची वाट, म्हणजे वासरू बाहेर येतं ती हाडांमधली जागा, मोजून होते. आतली उंची 13 आणि रुंदी 11 सेंटिमीटर आली तर 143 चौरस सेंटिमीटर. बारा-तेरा महिन्यांच्या कालवडीत 140 च्या खाली आलं तर ती अडण्याची भीती असते. मात्र हे माप फक्त नापास करायला वापरा. सगळ्यात रुंद कमरेच्या निवडत गेलात तर गाई थोराड होत जातात, वासरंही त्याच मापात वाढतात, आणि अडणाऱ्यांची संख्या तिथेच राहते. ती कमी होते सुलभ वितीचे आकडे चांगले असलेल्या वळूमुळे.

शिवाय, नराबरोबर जुळी जन्मलेली कालवड पैदाशीला ठेवूच नका. दहापैकी नऊहून जास्त वांझ निघतात. जन्माच्या दिवशीच बिल्ल्याच्या नोंदीत तसं लिहून ठेवा, वर्षभरानं ते कुणाला आठवत नाही.

गर्भ घालवणाऱ्या रोगांच्या लसी: आयबीआर, बीव्हीडी, लेप्टो आणि नैसर्गिक भरण असेल तर कॅम्पिलोबॅक्टर. जिवंत विषाणूची लस असेल तर शेवटचा डोस लावायच्या किमान सहा आठवडे आधी. खोड्यात आल्याच आहेत म्हणून रेतनाच्या आठवड्यात लस टोचणं म्हणजे त्या महिन्याचा गर्भ घालवणं. बीव्हीडीची कायम बाधित (जन्मापासून विषाणू बाळगणारी) कालवड गटात एक जरी असली तरी बाकीच्यांचे गर्भ जिरतात. कानाचा तुकडा तपासून ती आधीच हुडका.

नवा बिल्ला
सगळ्या एकदम माजावर आणायला प्रोस्टाग्लँडिनचं एक इंजेक्शन दिलं की काम होतं असं ऐकलंय. मग काही कालवडी ढिम्म का राहतात?

चौथा खोडा
कारण ते इंजेक्शन पीतपिंड विरघळवतं, माज निर्माण करत नाही. ज्या कालवडीचं चक्रच सुरू नाही तिच्यात विरघळवायला काही नाही. आणि चक्राच्या पहिल्या पाच दिवसांतला कोवळा पीतपिंड त्याला दाद देत नाही. म्हणून नुसतं तेच वापरायचं तर 11 ते 14 दिवसांच्या अंतरानं दोनदा देतात. आणखी एक: आधीच गाभण असलेल्या कालवडीला दिलं तर ती गाभडेल. कुंपण ओलांडून वळू आत आला होता का, हे आधी बघा.

ठरल्या वेळी रेतन करायचं असेल तर सात दिवसांची पद्धत सोपी पडते. पहिल्या दिवशी जीएनआरएच (बीज सुटायला लावणारं संप्रेरक) टोचा आणि योनीत प्रोजेस्टेरॉनचं साधन (सीआयडीआर) बसवा. सात दिवसांनी ते काढा आणि त्याच वेळी प्रोस्टाग्लँडिन द्या. काढल्यापासून 54 तासांनी, दोन तास इकडेतिकडे, सगळ्यांना रेतन आणि सोबत जीएनआरएचचा दुसरा डोस. सोमवारी सकाळी 8 ला साधन काढलं तर रेतन बुधवारी दुपारी 2 ला. गाईंसाठी याच पद्धतीत 60 ते 66 तास धरतात. तो आकडा कालवडींना लावला की उशीर होतो. खूप कालवडी असतील तर उलटा हिशेब करा: एक माणूस तासाला किती करेल ते बघून साधनं काढायची वेळ गटागटानं मागेपुढे करा, नाहीतर शेवटची कालवड 58 तासांवर जाते.

माज बघून रेतन करत असाल तर जुना नियम अजून चालतो: सकाळी दुसरीला अंगावर चढू देताना दिसली तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. खरी खूण म्हणजे चढू दिल्यावर जागेवर उभी राहणं. नुसता सोट (योनीतून लोंबणारा चिकट स्राव) दिसला किंवा हंबरली म्हणून रेतन करू नका. दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास बघा, त्यातली एक वेळ उजाडताच.

प्रोस्टाग्लँडिन त्वचेतून शोषलं जातं. गर्भार बाईनं आणि दम्याच्या माणसानं त्या बाटलीला हात लावायचा नाही, बाकीच्यांनी हातमोजे घालायचे.

नाडीपरीक्षा
यात गोठवलेल्या वीर्याची कांडी हाताळण्याचं जोडतो, कारण अपयशाचं खापर नेहमी कालवडीवर फुटतं. नायट्रोजनच्या भांड्यातला डबा वर काढताना गळ्यातल्या गोठणरेषेच्या वर आणू नका. कांडी चिमट्यानं उचला आणि लगेच 35 ते 37 अंशांच्या पाण्यात 45 सेकंद ठेवा. तापमान तापमापकानं बघा, बोट बुडवून अंदाज करू नका. बाहेर काढल्यावर पुसून पूर्ण कोरडी करा, पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्रजंतू मरतात. थंडीत रेतनाची नळी आधी अंगाशी धरून गरम करा. पंधरा मिनिटांत वापरता येतील तेवढ्याच कांड्या एका वेळी वितळवा. आणि वीर्य सोडायची जागा: गर्भाशयाच्या मुखातून नळी पार झाल्या झाल्या, गर्भाशयाच्या देहात. कालवडीचं मुख अरुंद असतं, नवखा माणूस नळी मुखातच अडकवून दांडा दाबतो. उलट घाईत पुढे रेटली की वीर्य एकाच शिंगात जातं.

पाणंद
पद्धत बरोबर, वेळ बरोबर, कालवडी माजचक्रातल्या, आणि तरीही तीन आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा उलटतात. इथे काय बघायचं?

रवंथ
रेतनानंतर चारा बदलला का ते. नेहमीचा घोटाळा असा: हिवाळाभर गोठ्यात खुराक, रेतन झालं, आणि दुसऱ्याच दिवशी कोवळ्या लुसलुशीत गवतावर. त्या गवतात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतं, कालवडींना चरायची सवय नसते, दिवसभर फिरून पोट भरतं पण वजन उतरतं. गर्भाचा संदेश गाईच्या शरीराला साधारण 15 ते 17 व्या दिवशी पोचतो. त्या काळात वजन घसरलं तर गर्भ टिकत नाही. म्हणून कुरणावर सोडायच्या असतील तर रेतनाच्या महिनाभर आधी सोडा, नाहीतर कुरणावरही पहिले काही आठवडे खुराक चालू ठेवा. वजन हळूहळू चढतं राहिलं पाहिजे.

गाडीतून हलवायच्या असतील तर रेतनानंतर पहिल्या चार दिवसांत, किंवा मग दीड महिना उलटल्यावर. पाचव्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत शक्यतो हलवू नका. तीव्र उन्हाचंही तसंच, सावली आणि पाणी नसेल तर पहिल्याच आठवड्यात गर्भ जातो.

वळू वापरणार असाल तर त्याची तपासणी दोन महिने आधी. शुक्रजंतू तयार व्हायला 61 दिवस लागतात, म्हणजे आजच्या अपयशाचं मूळ दीड-दोन महिन्यांपूर्वीच्या तापात असू शकतं. 15 महिन्यांपर्यंतच्या वळूच्या अंडकोषाचा घेर किमान 30 सेंटिमीटर हवा. वर्षभराच्या वळूला 15 ते 20 कालवडींहून जास्त देऊ नका. मोठ्या घेराच्या वळूच्या मुलीही लवकर वयात येतात, पुढच्या पिढीसाठी हे लक्षात असू द्या.

नाडीपरीक्षा
आणि हंगाम लांबवू नका. 42 ते 45 दिवस, म्हणजे दोन चक्रं. त्यात न भरलेली कालवड ठेवायची नाही. सोनोग्राफीत 30 व्या दिवसापासून पोट कळतं, हातानं तपासायला 40 दिवसांच्या पुढे. कालवडी गाईंच्या तीन आठवडे आधी लावायच्या, यामागेही हिशेब आहे. वर्षाचे 365, गाभणकाळ 283, उरले 82 दिवस. पहिलारूला पुन्हा माजावर यायला 80 ते 100 दिवस लागतात, जाणत्या गाईला 50-60. त्या तीन आठवड्यांची उसनवारी दिली नाही तर दुसऱ्या वेताला तीच गाय रिकामी राहते.

लोकरपट्टी
आता मेंढ्यांकडे या. रवंथ यांनी वर जे सांगितलं तेच सूत्र कोकरांना लागतं, टक्का तेवढा बदलतो. कोकराच्या आई-बापाच्या पूर्ण वाढीच्या वजनांची सरासरी काढा, तिच्या निम्म्याला कोकरू साधारण तयार होतं. मेंढी 70 किलो, मेंढा 90, सरासरी 80, म्हणजे 40 किलो. तोच मेंढा 50 किलोच्या मेंढीवर असेल तर सरासरी 70 आणि कोकरू 35 लाच तयार. पाणंद यांच्या 42 किलोच्या दोन कोकरांचं कोडं बहुधा इथेच आहे: एक आठवड्यांपूर्वी पिकलेलं, दुसरं थोराड वाणाचं, अजून हिरवं. मादी थोडी आधी पिकते, खच्ची न केलेला नर सगळ्यात उशिरा.

म्हणून काटा फक्त कोणाला हातात घ्यायचं ते सांगतो. कोणाला पाठवायचं हे हात ठरवतात. कोकरू सरळ, चारही पायांवर, सैल उभं पाहिजे. दाबून धरलेलं कोकरू अंग आवळतं आणि चुकीचं भासतं. शेवटच्या बरगडीच्या मागे कंबरेवर हात आडवा ठेवा, अंगठा कण्यावर, बोटं आडव्या हाडांच्या टोकांवर. टोकं टोचतात आणि कणा करवतीसारखा लागतो तर चरबीचा गुण (1 ते 5 पैकी) दोन किंवा त्याखाली. टोकं गोलसर, हलक्या दाबानं लागतात तर तीन, हीच घ्यायची. जोर लावल्यावरच लागतात तर चार, उशीर झालाय. मग शेपटीचं मूळ चिमटीत धरा. तिथली हाडं हलक्या दाबानं कळली पाहिजेत. कंबर आणि शेपटी वेगवेगळं सांगत असतील तर बरगड्यांवर हात फिरवून निकाल करा. लोकर दाट असेल तर बोटं लोकरीच्या आत घाला, वरून चपटा हात फिरवण्याला अर्थ नाही.

भरदारपणा आणि चरबी या वेगळ्या गोष्टी. युरोपच्या प्रतवारीत म्हणूनच दोन निकष असतात: अंगाच्या भरदारपणाला ई, यू, आर, ओ, पी ही अक्षरं आणि चरबीला 1 ते 5. मांडीला मांस भरलेलं पण कंबर कोरडी असं कोकरू आणखी दोन-तीन आठवडे थांबलं तर पैसे देतं. मांडी सपाट आणि कंबर चरबट असं कोकरू थांबून फक्त चारा खातं.

रवंथ
त्याचं कारणही सोपं आहे. एक ग्रॅम चरबीत सुमारे 39 किलोज्यूल ऊर्जा साठते, एक ग्रॅम ओल्या मांसात 5 च्या आसपास, कारण मांसात तीन चतुर्थांश पाणीच असतं. तयार कोकरू पुढे ठेवलं की त्याच खाण्यात वाढ थोडी आणि तीही चरबीची.

नवा बिल्ला
किती दिवसांनी चाचपायची? आणि जिवंत वजनावरून धडाचं वजन कसं काढायचं?

लोकरपट्टी
मुख्य हंगामात दर पंधरवड्याला, खुराकावर असतील तर दर आठवड्याला. रोजची वाढ 250 ग्रॅम धरली तर चौदा दिवसांत साडेतीन किलो होतात. महिनाभर लांबवलं तर सातचा फरक पडतो आणि मधली सगळी हुकतात. निवडलेल्यांना तिथेच रंगाचा पट्टा ओढा.

उतारा, म्हणजे जिवंत वजनातला धडाचा वाटा, ढोबळमानानं 45 ते 50 टक्के. 42 किलोला 47 टक्के धरलं तर 19.7 किलो. पण दूध पिणाऱ्या कोकराचा उतारा तोडलेल्यापेक्षा जास्त असतो, खच्ची न केलेल्या नराचा मादीहून थोडा कमी. पावसात भिजलेली लोकर आणि नुकतंच भरलेलं पोट काट्यावर दोन-तीन किलोंचा भुर्दंड दाखवतं. दर वेळी एकाच वेळेला, कोरड्या अंगानं मोजा. काट्याच्या फळीखाली लेंड्या साचल्या की तोही खोटं बोलतो, पहिल्या कोकराच्या आधी शून्य बघा.

चौथा खोडा
खुराकावर चढवताना दहा ते चौदा दिवस हळूहळू. एकदम धान्य दिलं तर पोटात आम्ल होऊन उभी कोकरं आडवी होतात. आंत्रविषाराची लस आधी, दोन डोस, चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं. खच्ची नरांत मूतखड्याचा धोका असतो. कॅल्शियम-फॉस्फरस 2:1 ठेवा आणि खुराकात अमोनियम क्लोराइड अर्धा टक्का. शेपूट हलवत, वाकून उभं राहून कुंथणारं कोकरू दिसलं तर बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसू नका.

नाडीपरीक्षा
मिश्र शेतावर सगळ्यात महागडी चूक अजून कुणी लिहिली नाही. कालवडींचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालणं. माज येत नाही म्हणून कालवडींना तांबं देतात, तेही खरं तर आधी रक्त किंवा यकृताचा नमुना तपासूनच द्यावं. मॉलिब्डेनम आणि गंधक जास्त असलेल्या चाऱ्यात तांबं अडकून पडतं, तिथे कालवडींना ते लागतंच. पण मेंढी तांबं यकृतात साठवत राहते. महिनोन्‌महिने काही दिसत नाही, आणि मग गाडीच्या प्रवासासारखा एखादा ताण आला की एकदम सुटतं: डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, दोन-तीन दिवसांत मेंढी जाते. टेक्सेल जातीत हे लवकर होतं. गाईंच्या चाटणविटा मेंढ्यांच्या कुरणात राहू देऊ नका, आणि मिश्रणाची गोणी रिकामी झाली तरी तिचं घमेलं मेंढ्यांकडे नेऊ नका.

पाणंद
पाठवायच्या आदल्या दिवसाचं कुणी लिहील का? नाकारली जाण्याची कारणं बहुतेक तिथलीच असतात.

लोकरपट्टी
सगळीच नाहीत, काहींची सुरुवात महिने आधी होते. जंतनाशक आणि प्रतिजैविकांचा कत्तलीआधीचा वर्ज्य काळ बाटलीवर लिहिलेला असतो, बिल्ला क्रमांकासह वहीत पाहिजे. टोचणी मानेवर, मांडीत नाही. मांडीतला गळू म्हणजे सगळ्यात चांगला तुकडा कापून फेकणं. सुई मोडून आत राहिली तर ते कोकरू खूण करून बाजूला.

दुसरं, कुत्री. मेंढ्यांच्या मांसातले फोड आणि यकृत-फुप्फुसातल्या पाण्याच्या गाठी कुत्र्याच्या चपट्या जंतांमुळे होतात. कुत्र्यांना दर चार ते सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल द्या, आणि मेलेली मेंढी किंवा कच्ची आतडी-यकृत कुत्र्यापुढे कधीच टाकू नका. गाठींचा जंत माणसालाही होतो.

आदल्या दिवशी: पार्श्वभागाला आणि पोटाखाली लेंड्या चिकटलेली लोकर कातरून घ्या. सोलताना तीच घाण धडाला लागते. ओल्या अंगानं चढवू नका, रात्रभर छपराखाली जाळीदार फळ्यांवर किंवा कोरड्या पेंढ्यावर ठेवा. चारा काही तास आधी बंद, पाणी शेवटपर्यंत चालू. सुरुवातीला जी घट दिसते ती पोटातल्या चाऱ्याची. उपास दिवसभराच्या पुढे गेला की धडाचं वजन उतरायला लागतं. आणि लोकर धरून ओढायचं नाही. ओढलेल्या प्रत्येक ठिकाणी कातडीखाली रक्त साकळतं, मुठीचा ठसाच उमटतो.

नवा बिल्ला
नर खच्ची करावेत की नाही? वाढ तर न केलेल्यांची जास्त होते.

लोकरपट्टी
पाच-सहा महिन्यांच्या आत सगळे जाणार असतील तर करू नका. वाढ जास्त, चरबी कमी. त्यापुढे राहणार असतील तर करा, कारण मोठ्या नराच्या मांसाला वास येऊ लागतो, ते खाणं सोडून मारामारीत वजन घालवतात आणि बहिणींनाही गाभण करतात. मधला मार्ग म्हणजे चार महिन्यांना नर-माद्या वेगळ्या करणं. माद्यांमधून पैदाशीला ठेवायच्या त्या आधी वेगळ्या बिल्ल्याच्या करा आणि मगच बाकीच्या चाचपायला घ्या. हंगामात लवकर जन्मलेल्या, जुळ्यातल्या, चांगल्या वाढलेल्या माद्याच सगळ्यात आधी तयार दिसतात आणि पहिल्याच गाडीत निघून जातात.

चौथा खोडा
आणि तिसऱ्या फेरीतही मागे राहणारी जी असतील त्यांच्या लेंड्या तपासून घ्या. जंतांची अंडी नसतील तर कोबाल्टची कमतरता बघा: कानांच्या टोकांना खवले, डोळ्यांतून पाणी, खाणं मंद. बी-12 चं इंजेक्शन दिल्यावर काही आठवड्यांत वजन हललं नाही, तर ते कोकरू हलक्या धडासाठी काढून टाका, त्याच्यावर खुराक घालू नका.